दगडूनानांच्या मापाचा पक्ष

निवडणूक लागली की आमच्या गल्लीत आधी माझ्या मशीनला कळतं. ब्लाउज, फॉल-पिको सगळं बाजूला राहतं आणि झेंड्यांचे गठ्ठे येऊन पडतात. कापड छापूनच येतं, आपण कडा दुमडायच्या आणि काठी घालायला नेफा शिवायचा. मी सगळ्याच पक्षांचे शिवते. सकाळी एकाचे, दुपारी दुसऱ्याचे. मशीन काही विचारत नाही, मीही विचारत नाही. परवा असाच एक पोरगा गठ्ठा टाकून गेला आणि जाताना नवा कोरा गमछा माझ्या गळ्यात घालायला लागला. म्हटलं, ठेव बाबा तिथं, मला घाम येतो. तो गेल्यावर गमछा हातात घेतला आणि सवयीनं कात्री शोधायला लागले. मग एकदम दगडूनानांची आठवण आली आणि त्या दिवशी पुढचं काही शिवणं झालं नाही.

सवयीनं म्हटलं, कारण नानांनी सोडलेल्या प्रत्येक पक्षाचा गमछा शेवटी माझ्या कात्रीखाली यायचा. "चिन्ह काप माय, अन् कडा दुमडून दे," एवढंच म्हणायचे आणि पायरीवर बसायचे. त्या कापडाचं गाळणं व्हायचं. तेव्हा आमच्या पुंडलिकनगरात टँकर यायचा तो विहिरीचा तळ खरवडून आणल्यासारखं पाणी घेऊन यायचा. गयाबाई, म्हणजे नानांची बायको, हंड्यावर तो गमछा बांधायची आणि पाणी गाळून घ्यायची. चिन्ह कशाला कापायचं, तसंच बांधा की, असं मी एकदा म्हटलं तर नाना म्हणाले, त्यातून गाळलं तर पाण्याला चव लागती. गयाबाईच्या घरात निरनिराळ्या रंगांची गाळणी होती. रंग कुठले ते सांगत नाही, उगीच कुणाला लागायचं.

नाना आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. जातीनं धनगर, गाव पैठणच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. गाव कसलं, वाडीच ती. वाडीतून धरणाची भिंत दिसायची. दुष्काळाच्या वर्षी चारा संपला, आणि पाऊस आल्यावर मेंढरं चारायची ती रानं बघितली तर तिथं प्लॉटिंगचे दगड उभे. मेंढरं विकली आणि दोघं पोराकडं शहरात आली. पोरगा कंपनीत होता. नाना मुकुंदवाडीच्या पलीकडं बिल्डिंगा उठत होत्या तिथं वॉचमन झाले. एक बिल्डिंग झाली की दुसरी. शहर पसरत गेलं तसे नानाही पुढं पुढं सरकत गेले. वॉचमनकीत एक काम असायचं, नव्या स्लॅबवर रोज टँकरचं पाणी मारायचं. तेवढं काम त्यांना सोसत नव्हतं. संध्याकाळी येऊन पायरीवर बसले की म्हणायचे, "सिमेंटाला तहान लागती म्हणं, माय."

डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी. मे महिन्यातसुद्धा घोंगडी. मी चिडवायचे, नाना, उकडत नाही का? तर म्हणायचे, सवय मोडली की माणूस कुणाचाबी होतो. सभेला गेले की आधी मागून पूर्ण चक्कर मारायचे, कळपाभोवती मारतात तशी. कुणी उपाशी आहे का, कुणाला जबरदस्तीनं आणलंय का, बायका उन्हात बसवल्यात का, सगळं बघून मग बसायचे. आणि भाषण संपल्यावर उठून उभे राहायचे. प्रश्न एकच. पाइपलाइन जिथून जाती तिथल्या वाड्यांना नळ देणार का?

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कुठून बसला ते मला गयाबाईनं सांगितलं. धरणातून शहराला येणारी मोठी लाइन त्यांच्या वाडीच्या कडेनं जाते. वाडीला नळ नाही. पण लाइनवर एक व्हॉल्व्ह होता, तो गळायचा. सारखी धार. गयाबाई नवी नवरी होती तेव्हापासून वाडीच्या बायका त्या गळतीवर हंडे भरायच्या, मेंढरं तिथंच खाली डबक्यात पाणी प्यायची. मग एका दुष्काळात शहराला पाणी कमी पडलं, बोंबाबोंब झाली आणि माणसं येऊन त्यांनी तो व्हॉल्व्ह दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गळती थांबली, शहराला दिलासा. नानांना वाचता येत नव्हतं, शाळेच्या मास्तरनं वाचून दाखवलं. गयाबाई म्हणाली, "सारी वाडी रिकामे हंडे घेऊन त्या लायनीकडं बघत हुबी. अन् पेपरात म्हणं आनंद झाला."

तेव्हापासून नाना पक्ष शोधत होते. त्यांचं मागणं काही अवघड नव्हतं. पाणी ज्याच्या उंबऱ्यावरून जातं त्याला आधी द्यायचं, हे एक. आणि कुणाच्या देवाधर्मावर, कुणाच्या आईबहिणीवर बोलायचं नाही, हे दुसरं. एवढं म्हणणारा पक्ष मिळाला की त्याचा गमछा मरेपर्यंत घालायचा असं त्यांनी ठरवलं होतं. नुसतं मत देऊन त्यांचं भागत नव्हतं. म्हणायचे, मत तर चोरावानी एकट्यानं जाऊन द्यायचं असतं, पक्ष म्हणजे चार माणसांत बसणं. मेंढरं गेल्यापासून त्यांना चार जणांत बसायला काही उरलंच नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तोवर मी आपली हसायचे. सगळी गल्लीच हसायची. गयाबाई तर म्हणायची, हा माणूस जितके पक्ष फिरला तितकी आमची मेंढरं पण रानं फिरली नसतील.

पहिला पक्ष होता तो पाण्यावर तावातावानं बोलणारा. त्यांचा पुढारी पाइपलाइनवर चढून बसायची भाषा करायचा. नाना खूश. गमछा घातला आणि मोठ्या सभेला निघाले ते जब्बारभाईंना घेऊन. जब्बारभाई म्हणजे नानांचे जुने दोस्त. पूर्वी बाजारात नानांची कोकरं तेच घ्यायचे, आता मुकुंदवाडी स्टेशनाजवळ मुलाच्या गादीच्या दुकानात बसायचे. नानांना वाटलं, पाण्याची सभा आहे, यांनाही कळू दे. पुढाऱ्यानं सुरुवात पाण्यावरच केली. मग टाळ्या कमी पडायला लागल्या तसा तो घसरला आणि जब्बारभाईंच्या लोकांवर आला. काय काय बोलला ते मी लिहीत नाही. टाळ्यांचा पाऊस पडला म्हणे. नानांनी उभ्या जागी गमछा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. दोघं चालत परत आले. वाटेत जब्बारभाईच त्यांना समजावत होते, "जाने दो नाना, भाषण में बोलते वैसा. पानी की बात तो सच्ची थी उसकी." दुसऱ्या दिवशी गमछा माझ्याकडं आला.

मग दुसऱ्या पक्षात गेले. तिथं कुणी कुणाला वाईट बोलत नव्हतं. सगळ्यांना नमस्कार, सगळ्यांच्या सणाला हजर. पण नानांनी उभं राहून प्रश्न विचारला की, "बसा नाना, तुमचंच काम आहे, घेतलंय मनावर," असं म्हणून त्यांना खाली बसवायचे. बसवता बसवता वर्षं गेली. पुढं नानांना कळलं, या पक्षातल्या मोठ्या माणसांचे कारखाने त्याच लाइनवर आहेत आणि कारखान्यांना पाणी कधी कमी पडत नाही. तरी त्यांनी तो पक्ष लगेच सोडला नाही. गोड बोलणाऱ्यांना सोडायला माणसाला वेळ लागतो.

मधेच एकदा समाजाचा पक्ष निघाला. ढोल वाजले, नानांना व्यासपीठावर बसवलं, फेटा बांधला. भंडारा उधळून कपाळ पिवळं करून आले ते लहान पोरासारखे खुलले होते. मला म्हणाले, आता घरचाच पक्ष मिळाला. पुढच्या बैठकीत त्यांनी पाण्याचं विचारलं तर तरुण पोरं म्हणाली, नाना, आज समाजाचा विषय आहे, दुसरं मधे आणू नका. नाना म्हणाले, "समाज काय कोरडा जगतो का रं?" पोरं हसली आणि पुढचा ठराव घेतला. हा गमछा द्यायला मात्र नाना बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी काही चिडवलं नाही. गुमान चिन्ह कापलं आणि कडा नेहमीपेक्षा नीट दुमडून दिल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला बसले ती सांगते. नाना शहरात राहायचे पण मत त्यांनी वाडीतच ठेवलं होतं. पोरानं किती सांगितलं, इथं नाव लावा, नगरसेवक तरी ओळखेल. नाना हलले नाहीत. एका वर्षी वाडीच्या खंडोबाच्या जत्रेला गेले. पुढं झेडपीची निवडणूक होती. त्या गोड बोलणाऱ्या पक्षाचा एक साहेब तिथं आला. त्यानं देवळासमोर उभं राहून सांगितलं, मी निवडून आलो की लाइनवरून वाडीला नळ देतो. आणि नुसतं सांगितलं नाही, देवापुढचा बेलभंडारा उचलला. मग म्हणाला, आता तुम्हीपण उचला की मत मला. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन शब्द दिला की तो मोडायचा नाही. सगळ्या वाडीनं उचलला. नानांनीही उचलला.

घरी आले ते आनंदात. या खेपेला देव मधे आहे, म्हणाले. आणि महिना झाला नसेल तर बातमी आली. साहेबाला तिकीट मिळालं नाही म्हणून तो पक्ष बदलून गेला. गेला कुठं, तर त्याच पहिल्या पक्षात, ज्याच्या सभेत नानांनी गमछा काढून खिशात घातला होता. आणि त्याच आठवड्यात मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे पेपर वाचून दाखवणारे तेच, आता रिटायर झालेले, नानांच्या पोराला शिकवलेले. चार माणसं जमवून त्यांनी एक पक्ष काढला होता, त्याचं नावसुद्धा कुणाला धड आठवत नव्हतं. पण मास्तर गावोगाव सायकलवर फिरून दोनच गोष्टी सांगत होते. लाइनवरच्या वाड्यांना आधी पाणी. आणि कुणाच्या जातीधर्मावर बोलणार नाही, बोलू देणार नाही.

नाना आले ते पायरीवर बसले नाहीत, सरळ आत आले. "माय, भेटला गं पक्ष," म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते, मीच दुसरीकडं बघितलं. मास्तरच्या पक्षाला चिन्ह अजून मिळालं नव्हतं आणि गमछे छापायला काही नव्हतं. मी माझ्याकडचं पांढरं मांजरपाट काढलं आणि एक गमछा शिवला. म्हटलं, चिन्ह मिळालं की लावू. नानांनी तो हातात घेतला, गळ्याला लावून बघितला, आणि मग त्यांना आठवलं. गमछा काढून मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "म्या भंडारा उचललाय."

मग आठ-पंधरा दिवस नानांची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. जेवण तुटलं. मी म्हटलं, अहो नाना, शपथ साहेबाच्या पक्षाला होती ना, त्यानं पक्ष बदलला, तुम्ही सुटलात. नाना म्हणाले, पक्षाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, माणसाचं घेतलं होतं. जब्बारभाई मुद्दाम मुकुंदवाडीहून आले. माझ्याच दुकानात बसले दोघं. जब्बारभाई म्हणाले, त्यानं तुम्हाला फसवलं नाना, पहिली कसम त्याची तुटली, तुमच्यावर काय राहिलं? नाना घोंगडीच्या दशा ओढत बसले. मग म्हणाले, "तुटली कुठं अजून? निवडून आल्यावर नळ देतो म्हणलाय. निवडून यायच्या आदी त्याला खोटा कसा म्हणू?"

जब्बारभाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हौ. सच्ची बात है. तो फिर उसीकू डालो नाना, देव से बेइमानी नक्को. मैं नाराज नै होता." खांद्यावर हात ठेवून गेले. ते नाराज झाले असते तर बरं झालं असतं, असं नाना मला नंतर म्हणाले. भांडायला तरी मिळालं असतं.

मतदानाला नाना वाडीला गेले आणि शब्द पाळून आले. मास्तर पडले. फार थोडक्यात पडले, आणि पडले ते नानांच्याच वाडीच्या पेटीमुळं. दुसऱ्या गावांनी मास्तरना मतं दिली होती, ज्या वाडीची तहान घेऊन ते फिरत होते तिनंच दिली नाहीत. काही दिवसांनी नाना वाडीत गेले, पारावर बसले होते. एक म्हातारा हळूच म्हणाला, माझ्या मनात मास्तरच होता, पण भंडारा उचलला होता ना. दुसरा म्हणाला, माझ्या पण. बायका म्हणाल्या, आमच्यापण. साऱ्या वाडीच्या मनात मास्तर, आणि साऱ्या वाडीनं एकमेकांना न विचारता साहेबाला दिलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे काय ते करतील, आपण आपला शब्द पाळू. नाना हे सांगताना हसले. तसलं हसणं मला पुन्हा कधी बघायला मिळू नये.

नळ आला नाही. साहेबानं टाकी बांधून दिली, वर स्वतःचं नाव रंगवलं, टाकीत पाणी कुठून येणार ते काही ठरलं नाही. मग एकदाचे नाना देवळातल्या वाघ्याकडं गेले, की बाबा, त्यानं शब्द मोडला, आता माझा भंडारा उतरव. वाघ्यानं देवापुढं उभं केलं, भंडारा परत देवाच्या पायावर सोडायला लावला, नारळ फोडला, झालं. इतकंच असतं ते. आणि मग वाघ्या म्हणाला, दगडू, मताच्या आधीच का नाही आलास? गुंतलोय, सोडव, म्हणून देवाला विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी उतरवला असता, देव काय तुझ्या मानगुटीवर बसलाय का?

हे नाना मला सांगायला आले तेव्हा मी काजं करत होते. सुई बोटात गेली. इतके दिवस तळमळले, सगळ्यांना विचारलं, मला विचारलं, जब्बारभाईंना विचारलं, आणि ज्याच्या नावानं शपथ घेतली त्याच्या दारात जाऊन विचारायचं कुणाला सुचलं नाही. देवाला असलं विचारतात का, म्हणून भ्यायले. साऱ्या वाडीत कुणालाच सुचलं नाही. "देव मोकळं करत व्हता माय," नाना म्हणाले, "आमीच बांधून घेतलं." मला रडू आलं. नाना नाही रडले.

त्यानंतर नाना कुठल्या सभेला गेले नाहीत. संध्याकाळी पायरीवर येऊन बसायचे, मी झेंडे शिवत असले तर एकेक उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. एकदा म्हणाले, एवढी शिवलीस, मपल्या मापाचं एकबी नाय निघालं. मी म्हटलं, निघालं होतं नाना, कपाटात आहे. तर म्हणाले, राहू दे तिथंच, अजून कोरं हाय.

पुढची निवडणूक आली आणि मास्तरच मोठ्या पक्षात गेले. साहेबाच्याच. त्यांना म्हणे कमिटीवर घेणार होते. मास्तरचं पण वय झालं होतं, सायकल किती चालवणार. मी मास्तरना बोल लावला तर नानांनी मला गप्प केलं. त्याला येळेवर दिलं असतं तर तो तिकडं गेला नसता, म्हणाले. मला अजूनही ते पटत नाही, पण नानांना तसंच वाटत राहिलं.

त्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी लेकीला सोडायला मी बसस्टँडवर गेले होते. पैठणच्या फलाटावर नाना उभे. एकटेच. खूप वाळले होते, घोंगडी खांद्यावरून घसरत होती. हातात भाकरी बांधलेलं पांढरं कापड, आणि ते कापड मी लगेच ओळखलं. गयाबाई येऊन सकाळीच कपाटातला तो कोरा गमछा माझ्याकडून घेऊन गेली होती, कशाला ते तिनं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, नाना, उन्हाचं कुठं निघालात? मत द्यायला, म्हणाले. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, कुणाला देणार? मास्तर तिकडं गेले, साहेब तिकडंच, दुसरा आहे तो कारखानेवाला. आहे का कुणी तुमच्या मनातलं? नाही म्हणाले. मग एवढ्या लांब कशाला हाडं खिळखिळी करून घेताय?

गाडी लागली. लोक दाराकडं धावले. नाना घाई न करता मागून सगळे चढेपर्यंत थांबले, मग दांड्याला धरून वर गेले आणि खिडकीशी बसले. मला वाटलं माझा प्रश्न विसरले. नाना काही विसरत नसत. भाकरीचं गाठोडं मांडीवर ठेवून त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"पोरं समदी शहरात आली गं माय," ते म्हणाले. "मत कमी पडलं तर म्हणतील वाडीत कुणी ऱ्हायलंच नाय. मंग नळ कुणासाठी मागायचा?"

गाडी हलली. नाना हात करतील म्हणून मी थांबले, पण ते पुढं रस्त्याकडं बघत होते.